सिनेमाच्या पार्कात मित्रांबरोबर दिवस: राइडला न बसणाऱ्यांचं काय?

पाऊलखुणा

सिनेमावर बेतलेल्या एका मोठ्या थीम पार्कात आमचा जुना ग्रुप नुकताच दिवसभर भटकून आला. 'आधी हे पाहिलं, मग ते पाहिलं' अशी वर्णनं या फोरमवर बरीच आहेत, म्हणून ते टाळते. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे: ग्रुपमधली जी माणसं राइडला बसत नाहीत, त्यांचा दिवस कसा जातो?

अशी एखाददुसरी व्यक्ती प्रत्येक ग्रुपमध्ये असतेच. आमच्यातल्या एका मैत्रिणीला मानेचं दुखणं आहे, झटके बसणारी कुठलीच राइड तिला चालत नाही. एका मित्राला उंचीची भीती वाटते आणि त्याने ती कधी लपवलेली नाही. अशांच्या वाट्याला ठरलेलं काम येतं. बाकीच्यांच्या बॅगा, चष्मे, फोन घेऊन बाहेर बाकावर बसायचं. आत गेलेले केस विस्कटलेल्या अवस्थेत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर येतात, 'तो शेवटचा उतार!' म्हणून एकदम ओरडतात, आणि बाकावरच्याने विचारायचं, 'मजा आली ना?' तिकीट सगळ्यांनी सारखंच काढलेलं असतं. मला हे फार लागतं.

साध्या अम्युझमेंट पार्कात यावर फारसा इलाज नाही. लोखंडी सांगाडा आणि त्यावरून धावणारे डबे, एवढंच तिथे असतं. सिनेमाच्या पार्कात मात्र डब्यात बसून घालवलेली चार-पाच मिनिटं म्हणजे गोष्टीचा शेवट. गोष्ट सुरू होते त्या गल्लीत शिरतानाच: दुकानांच्या पाट्या, मुद्दाम जुनाट केलेल्या भिंती, कुठूनतरी झिरपणारं संगीत, इमारतीचा दर्शनी भाग, आणि मग रांग जिथून पुढे सरकते त्या खोल्या. हे सगळं मान दुखणाऱ्यालाही पाहता येतं.

म्हणून आम्ही आदल्या रात्रीच ठरवलं होतं. सामान लॉकरमध्ये टाकायचं, कोणीही राखणदार व्हायचं नाही. ज्यांना राइड करायची नाही त्यांनी वाटलं तर रांगेतून शेवटपर्यंत सोबत यायचं. बहुतेक मोठ्या राइडना डब्यात चढायच्या जागेपाशीच बाहेर पडायची वेगळी वाट असते, तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितलं की तिकडून सोडतात.

एका राइडची रांग एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून जाते. फळ्यावर अर्धवट आकडेमोड, टेबलावर पत्रं, काचेच्या बरण्या, एका कोपऱ्यात बंद पडलेलं घड्याळ. आम्ही बाकीचे गप्पांत होतो. मानेचं दुखणं असलेली मैत्रीण एकेक पत्र वाचत चालली होती. आम्ही राइड करून भेलकांडत बाहेर आलो, तेव्हा आत नेमकं काय घडलं, कोण कोणाच्या मागे का लागलं होतं, हे आमच्यातल्या एकालाही धड सांगता येईना. तिने सांगितलं. त्या शास्त्रज्ञाचा भाऊ कोण, घड्याळ कोणत्या वेळेला थांबलंय, शेवटच्या दालनात आम्ही ज्याला पाहून किंचाळलो तो आधी कोण होता. तिच्या तोंडून गोष्ट ऐकून आम्ही पुन्हा रांगेत शिरलो, ते यावेळी डोळे उघडे ठेवून.

या पार्कांचा उगमही राइडमध्ये नाही, बघण्यात आहे. कार्ल लेम्ली यांनी १५ मार्च १९१५ रोजी कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी हा स्टुडिओ उघडला आणि २५ सेंट घेऊन लोकांना चित्रीकरण पाहायला आत सोडलं. सिनेमा मूक होता, त्यामुळे बाकांवर बसलेल्यांनी टाळ्या पिटल्या, आरडाओरडा केला तरी काही बिघडत नसे. बोलपट आले, सेटवर शांतता लागू लागली, आणि ती दारं बंद झाली. पुढे १९६४ मध्ये ट्रॅममध्ये बसवून स्टुडिओ दाखवायला सुरुवात झाली, आणि आजची मोठी पार्कं त्यातून वाढली. मग राइडला न बसणारा माणूस इथे उपरा कसा ठरतो?

तुमचे अनुभव, तुमच्या युक्त्या लिहा. विरोधही चालेल.


कडेलोट

विरोध करतो. मी अशा पार्कात रोलर कोस्टरसाठी जातो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला त्या दोन मिनिटांत जे मिळतं ते कुठल्याही रंगवलेल्या भिंतीत नाही.

दुसरं म्हणजे, राइड न करणाऱ्या मित्राला दीड तास रांगेत उभं करायचं आणि ऐन वेळी बाजूच्या दाराने बाहेर पाठवायचं, यात त्याला काय आनंद? आमचा ग्रुप सकाळीच दोन तुकड्यांत विभागतो. कोस्टरवाले एकीकडे, बाकीचे एकीकडे, जेवायला एकत्र. कोणी कोणासाठी खोळंबत नाही, कोणाला ओशाळं वाटत नाही.


पाऊलखुणा

@कडेलोट, दीड तासाच्या रांगेबद्दल तुमचं म्हणणं पटतं. तेवढा वेळ उभं राहणं कोणालाच नको. आम्ही हे सकाळच्या पहिल्या दोन तासांत केलं, रांगा छोट्या असताना. आणि आधी विचारलं. 'येतेस का आतपर्यंत?' एवढंच. एका ठिकाणी ती नको म्हणाली आणि समोरच्या चौकात नाच बघत बसली.

तुकड्या करण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. सकाळी नऊला वेगळे होऊन दुपारी भेटायचं तर एकत्र यायचंच कशाला? आमच्यासारख्यांना एकमेकांचा आख्खा दिवस क्वचित मिळतो.


नेपथ्य

धागा वाचून राहवलं नाही. मी नाटकांची नेपथ्यं करतो, आणि मला विचाराल तर या पार्कातली सर्वांत मोठी करामत फुकट रस्त्यावर मांडलेली असते.

गल्लीतल्या इमारती नीट पाहा. तळमजला जवळपास खऱ्या मापाचा, त्यावरचा मजला थोडा लहान, त्याच्या वरचा आणखी लहान. खिडक्या, कठडे, विटा सगळं त्या हिशेबाने आक्रसत जातं. डोळा धरून चालतो की वरची खिडकीही खालच्याएवढीच असणार, म्हणून इमारत आहे त्याहून उंच भासते. डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं तेव्हा तिथला मुख्य रस्ता आणि राजवाडा याच पद्धतीने बांधला होता. तो राजवाडा जेमतेम ७७ फुटांचा आहे, पण खालचे दगड मोठे आणि वर जाताना लहान होत गेल्यामुळे त्याची उंची कोणालाच कमी वाटत नाही.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. संगीत नाटकांचे पडदे रंगवणाऱ्यांनी सपाट कापडावर राजवाड्यांची खोल खोल दालनं उभी केली. बाबूराव पेंटर असे नाटकांचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमाकडे वळले. पार्कातल्या रस्त्याच्या टोकाला आकाश किंवा डोंगर दिसत असेल तर जवळ जाऊन पाहा, बऱ्याचदा तो रंगवलेला पडदाच असतो, फक्त पक्क्या भिंतीवरचा.

ज्यांना राइड करायची नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे एक खेळ आहे. दर्शनी भागाच्या अगदी पुढ्यात उभं राहायचं आणि हात लावून पाहायचं. दगड वाटतो तो फायबरग्लास किंवा सिमेंटचा पातळ थर निघतो. बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. लोखंडावरचा गंज रंगाचा असतो. भिंतीवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दिसतं ना, तोही ब्रशचा फटकारा. नवी वस्तू जुनी करून दाखवणारे कारागीर मोठ्या ताकदीचे असतात. मी एकेका कोपऱ्यात अर्धा-अर्धा तास रमलो आहे.


दुर्बीण

@नेपथ्य, भुताच्या वाड्यांत पारदर्शक माणसं नाचताना दिसतात ती कशी करतात? पडद्यावरचं चित्र तर वाटत नाही. त्यांच्या आरपार खुर्च्या दिसतात.


नेपथ्य

ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. तुमच्या आणि त्या दालनाच्या मध्ये एक प्रचंड स्वच्छ काच असते, ती तुम्हाला दिसत नाही. नाचणाऱ्या बाहुल्या वेगळ्याच जागी, तुमच्या नजरेआड ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की काचेत त्यांचं प्रतिबिंब उमटतं आणि काचेपलीकडच्या खुर्च्याही दिसत राहतात. दोन्ही एकावर एक आल्यामुळे माणूस विरळ, आरपार भासतो. प्रकाश मालवला की भूत गायब.

मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. जॉन हेन्री पेपर यांनी ती रंगमंचावर जमेल अशी सोपी केली आणि १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये दाखवली, म्हणून तिला पेपर यांचं नाव चिकटलं. डिस्नीलँडच्या १९६९ च्या हॉन्टेड मॅन्शनमधल्या मेजवानीच्या दालनात हीच युक्ती आहे. अशा ठिकाणी डबा सावकाश सरकतो, झटके नसतात. मान दुखणाऱ्यांनी दाराशी लावलेली सूचना वाचून, कर्मचाऱ्याला विचारून हे जरूर पाहावं.


गणिती

रांगेबद्दल लिहितो, कारण दिवस बिघडतो तो तिथेच.

समोर किती माणसं आहेत हे बघून घाबरू नका, राइड तासाला किती माणसं घेते ते विचारा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम अगदी साधा आहे: रांगेतली माणसं म्हणजे दर तासाला पुढे जाणारी माणसं गुणिले थांबण्याचे तास. तुमच्यापुढे ६०० जण आहेत आणि राइड तासाला १२०० जणांना नेते, तर अर्धा तास. तीच ६०० माणसं ताशी ४०० नेणाऱ्या राइडसमोर असतील तर दीड तास. म्हणूनच न थांबता सरकत राहणाऱ्या डब्यांच्या राइडसमोरची नागमोडी रांग भराभर पुढे जाते आणि चार-चार जणांना उडवणाऱ्या छोट्या राइडची आखूड रांग हलता हलत नाही. लहान मुलांच्या उडत्या विमानांसमोर लोक फसतात ते यामुळे.

सकाळी दार उघडल्याबरोबर याच कमी क्षमतेच्या राइड उरकून घ्याव्यात. भल्यामोठ्या सभागृहातले खेळ दुपारी, कारण तिथे एका फटक्यात शेकडो माणसं आत जातात.

आता धाग्याच्या मुद्द्याकडे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यात म्हटलं आहे की रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसेल तर आणखी लांब, आणि एकट्याने वाट पाहणं ग्रुपने पाहण्यापेक्षा लांब. पार्कवाले हे पुरेपूर वापरतात. रांगेत पत्रं, चित्रं, पडदे ठेवतात, बाहेर मिनिटांची पाटी लावतात. तिसरी गोष्ट मात्र त्यांना देता येत नाही, ती आपण बरोबर नेतो. बाकावर एकटा बसलेला मित्र आणि रांगेतले आपण घड्याळाने सारखाच वेळ थांबतो. त्याचा वेळ जास्त लांब असतो, हे लक्षात ठेवावं.

एकट्यांसाठी वेगळी रांग असते, ती चटकन सरकते, कारण चारच्या डब्यात तिघं बसले की उरलेली जागा त्यातल्या एकाला मिळते. पण तिथून गेलात तर सगळे वेगवेगळ्या डब्यांत पडणार. मित्रांबरोबरच्या दिवसात ही रांग मी फक्त दुसऱ्यांदा राइड करताना धरतो.


कडेलोट

@गणिती, पैसे देऊन पुढे जाण्याचा पास घ्यावा का?


गणिती

डब्यांतल्या जागा तेवढ्याच राहतात. पासवाल्यांना त्यातला वाटा आधी मिळतो, म्हणून साधी रांग आणखी हळू सरकते. गर्दीच्या सुट्टीत जाणार असाल आणि परवडत असेल तर उपयोग होतो. पण घ्यायचा तर ग्रुपने मिळून ठरवा. चौघांकडे पास आणि दोघांकडे नाही, हे मी पाहिलेलं आहे, आणि त्या दोघांचे चेहरेही.


झोपाळा

मला उंचीचं काही वाटत नाही, कोस्टरही चालतो. पण पडद्यासमोर हलणाऱ्या त्या सिम्युलेटरमध्ये बसलं की पोटात ढवळून येतं. डबा जागचा फारसा हलतही नाही, तरी असं का होतं? मित्र म्हणतात मनाचे खेळ आहेत.


नाडीपरीक्षा

@झोपाळा, मित्रांना सांगा, हे मनाचे खेळ मुळीच नाहीत. तोल सांभाळायला मेंदू डोळे, आतला कान आणि स्नायू-सांधे यांच्याकडून माहिती घेतो. सिम्युलेटरमध्ये डोळे सांगतात की आपण दरीत कोसळतोय, आणि कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात की जरासं कललोय. हा मेळ बसला नाही की मळमळ, घाम, डोकेदुखी. कोस्टरमध्ये डोळे आणि कान एकच सांगतात, म्हणून तिथे तुम्हाला त्रास होत नाही. यात काहीच विचित्र नाही, खूप जणांचं असं असतं.

उपाय साधे आहेत. फार पोट भरून बसू नका, आणि अगदी उपाशीही नको. शक्य असेल तर मधली जागा मागा. त्रास सुरू झाल्यासारखा वाटला की पडदा सोडून एखाद्या स्थिर गोष्टीकडे पाहा, समोरच्या खुर्चीची कड किंवा डब्याची चौकट. तरीही थांबत नसेल तर डोळे मिटा, म्हणजे भांडणातला एक पक्ष गप्प होतो. मळमळीच्या गोळ्या आधी घ्याव्या लागतात, सुरू झाल्यावर फारसा फायदा होत नाही, आणि बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि अशा दोन राइड लागोपाठ करू नका.

आणखी एक, सगळ्यांसाठी. राइडच्या दाराशी हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान-पाठीची दुखणी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांबद्दल पाटी असते. ती मनापासून पाळा. आणि जो नको म्हणतो त्याला 'चल रे, काही होत नाही' असं म्हणू नका. माणूस कारण सांगेलच असं नाही. कित्येकांना आपली गरोदरपणाची बातमी किंवा हृदयाचं औषध त्या क्षणी, त्या चौकात सांगायचं नसतं.


पाऊलखुणा

@नाडीपरीक्षा, शेवटच्या परिच्छेदासाठी तुमचे आभार कसे मानू! 'नको' हे पूर्ण उत्तर आहे, हे ग्रुपमध्ये एकदा ठरलं की सगळ्यांचा दिवस हलका होतो.


जुनी रिळं

झोपाळा यांच्या तक्रारीवरून थोडा इतिहास. डबा जागेवर आणि जग पळतंय, हा प्रकार सिनेमाच्या बालपणापासून आहे. कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे माजी प्रमुख जॉर्ज हेल यांनी १९०४-०५ च्या सुमारास आगगाडीच्या डब्यासारखं थिएटर बांधलं. समोरच्या पडद्यावर धावत्या गाडीच्या पुढून टिपलेली दृश्यं, डबा हेलकावे खातोय, चाकांचा खडखडाट ऐकू येतोय. प्रवास न करता प्रवास. काही वर्षं त्याची मोठी हवा होती.

मग मॉर्टन हाइलिग. १९६२ मध्ये त्यांनी सेन्सोरामा नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एकाच माणसाने डोकं आत घालून बसायचं. त्रिमिती चित्र, दोन्ही बाजूंनी आवाज, तोंडावर वारा, थरथरणारी बैठक, शिवाय वास. आज '४डी' म्हणून जे दाखवतात, पाण्याचे तुषार, पाठीत गुद्दे, पायाशी फुंकर, त्याची बीजं तिथे सापडतात. धंदा मात्र त्यांना जमला नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. १९८७ मध्ये डिस्नीलँडने वैमानिकांच्या सरावासाठी बनलेल्या सिम्युलेटरचं तंत्र सिनेमाशी जोडलं, आणि तेव्हापासून अशी राइड जवळपास प्रत्येक पार्कात असते.

हे माहीत असलं की राइड वेगळी दिसते, एवढंच म्हणेन.


वावटळ

स्टंट शोबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही! राइड न करणारे आणि करणारे एकाच बाकावर बसतात तो हा एकमेव भाग, आणि ग्रुपची खरी मैफल तिथेच जमते.

आम्ही वीस मिनिटं आधी जाऊन बसलो. लवकर गेल्याने सेट डोळे भरून पाहता येतो. कुठला कठडा तुटणार, कुठून आग येणार, यावर आमच्यात पैजा लागल्या. खेळ सुरू झाल्यावर लक्ष ठेवा: माणूस उंचावरून पडताना शेवटच्या क्षणी अंग वळवून पाठीवर येतो, कारण खालच्या हवेच्या गादीवर किंवा खोल पाण्यात कसं उतरायचं हे ठरलेलं असतं. स्फोटात उडणारा माणूस स्फोटाने उडत नाही. पायाखालच्या दाबाच्या फळीने किंवा दोरीने उडतो, ज्वाळा बाजूला असते, आणि आपल्या डोळ्याला दोन्ही एक वाटतात. फुटणारी काच पूर्वी साखरेची करत, आता ठिसूळ राळेची असते.

आणि आवाज! गुद्दा बसल्याचा आवाज गुद्द्याचा नसतोच. सिनेमात पावलांचे, कपड्यांचे, दारांचे आवाज नंतर वेगळे करून भरतात. त्या कलेला जॅक फोली यांचं नाव मिळालं आहे, ते युनिव्हर्सलमध्येच काम करत. काही पार्कांत प्रेक्षकांना मंचावर बोलावून हे आवाज काढायला देतात. तुमच्यातल्या सर्वांत लाजाळू मित्राला आवडणार असेल तर पुढे करा. आमच्यातला एक असाच पत्र्याचा गडगडाट करायला गेला आणि दिवसभर त्याच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं नाही.

पाण्याच्या शोमध्ये पुढच्या रांगा रंगाने वेगळ्या दाखवलेल्या असतात. तिथे बसलात तर चिंब व्हाल, बादल्याच ओततात. भिजायचं असेल तर ते दुपारी उन्हात, संध्याकाळी ओल्या कपड्यांत कुडकुडत फिरणं नको.


मुक्कामपोस्ट

आमच्या ग्रुपमध्ये दोन जोडप्यांबरोबर लहान मुलं होती. उंचीची अट मोजपट्टी लावून बघतात, आणि मूल बोटभर कमी भरलं तरी सोडत नाहीत, ते योग्यच आहे. बैठकीत धरून ठेवणारी सुरक्षापट्टी त्या मापाच्या शरीरासाठी बनलेली असते. मुलांना घरीच मोजून, कुठल्या राइडला जाता येणार नाही हे आधी सांगितलं की दारातली रडारड टळते.

बऱ्याच पार्कांत पालकांसाठी अदलाबदलीची सोय असते. सगळे मिळून रांगेत जातात, एक जण मुलाजवळ थांबतो, बाकीचे राइड करून येतात, मग थांबलेला पुन्हा रांग न लावता जातो. त्यासाठी आधी दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगावं लागतं. आम्ही यात एक भर घातली: थांबायची पाळी आईबापांचीच असं नाही, मित्रांनीही घेतली. त्या दोन आयांना एकत्र, शेजारी बसून कोस्टर करता आला. कॉलेजनंतर पहिल्यांदा.


कडेलोट

धागा वाचतोय आणि अजूनही कोस्टरच्या बाजूने बोलतोय! पण राइड करणाऱ्यांनीही डोळसपणे करावी, हे पटतं. पुढच्या डब्यात समोर काहीच नसतं, म्हणून दृश्य आणि वारा पुढे. मागचा डबा मात्र शिखर ओलांडतो तोवर गाडीचा बराच भाग उताराला लागलेला असतो आणि तो मागच्याला खेचतो, म्हणून बैठकीवरून उचललं जाणं मागे जास्त. एकाच कोस्टरवर पुढे आणि मागे बसून पाहा, दोन वेगळ्या राइड वाटतील. अंधारातले बंदिस्त कोस्टर बऱ्याचदा वेगाने फार नसतात. पण रूळ दिसत नसल्यामुळे शरीर वळणासाठी तयारच होत नाही, आणि प्रत्येक वळण अचानक येतं.

आणि हो, मान दुखणाऱ्यांनी तिकडे खरंच फिरकू नये.


निवांतक्षण

नवीन सदस्य आहे. आमच्या ग्रुपमधला एक जण व्हीलचेअर वापरतो. लवकरच आम्ही सगळे अशा पार्कात जाणार आहोत. तो आत्तापासूनच म्हणतोय, 'तुम्ही जा रे, मी येत नाही, तुमचा खोळंबा होईल.' हा धागा त्याला वाचायला दिला. प्रत्यक्षात काय काय जमू शकेल?


मुक्कामपोस्ट

@निवांतक्षण, त्याला न्याच. आमच्या नात्यातल्या काकूंना आम्ही व्हीलचेअरवरून नेलं होतं, तेव्हाचं सांगते. पार्काच्या संकेतस्थळावर अपंग पाहुण्यांसाठी वेगळी माहितीपुस्तिका असते. तीत प्रत्येक राइडपुढे लिहिलेलं असतं की खुर्चीसकट जाता येतं, की खुर्चीतून उतरून डब्यात बसावं लागतं, की जाताच येत नाही. ही यादी त्याच्याबरोबर बसून वाचा, त्याच्यासाठी परस्पर ठरवू नका. खुर्चीतून डब्यात बसण्यासाठी कर्मचारी उचलून घेत नाहीत, मदत लागली तर ती आपल्याच माणसांनी करायची असते. त्यामुळे कोण मदत करणार ते त्याच्या पसंतीने आधीच ठरवा. शोमध्ये खुर्चीसाठी राखीव जागा असतात, पण शेजारी एकदोघांचीच सोय असते, म्हणून लवकर पोचा आणि आलटून पालटून त्याच्याजवळ बसा.

पोचल्यावर आधी पाहुण्यांच्या मदत केंद्रात जा. रांग अरुंद असेल तर दुसरं दार कुठे आहे, राइड मध्येच बंद पडली तर बाहेर कसं काढतात, हे तिथे नीट सांगतात.


नेपथ्य

@निवांतक्षण, तुमच्या मित्राला एक निरोप द्या. पार्कातली बरीच दृश्यं चालत्या माणसाच्या नजरेसाठी मापलेली असतात. बसलेल्या माणसाला तोच रस्ता आणखी उंच दिसतो. त्याला काय काय दिसलं ते इथे लिहायला सांगा, मला ते मनापासून वाचायचं आहे.


निवांतक्षण

सगळ्यांचे आभार. पुस्तिका उतरवून घेतली, काल रात्री फोनवर त्याच्याबरोबर वाचली. पहिली दहा मिनिटं तो गप्पच होता. मग म्हणाला, 'ती भुतांच्या वाड्याची राइड दिसतेय ना, तिला खुर्चीतून उतरून बसता येतं असं लिहिलंय. ती सकाळी आधी घेऊ.' तारीख त्यानेच ठरवली आहे. आता स्टंट शोच्या वेळा पाहतोय. @वावटळ, खुर्चीच्या जागा पुढे असतात की मागे? भिजणाऱ्या रांगेत बसायचा त्याचा हट्ट आहे.


वावटळ

मी पाहिलेल्या ठिकाणी वरच्या बाजूला होत्या, जिना नसलेल्या वाटेने जाता येतं. सगळीकडे सारखं नसतं, तेव्हा मदत केंद्रात विचारा, काही ठिकाणी पुढेही सोय असते. खुर्ची विजेवर चालणारी असेल तर पाणी लागता कामा नये, तिच्यासाठी प्लास्टिकचं आवरण घेऊन जा. आणि त्याच्यासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड.